पांढरे राखाडी आणि चेहरा अर्धा निळा: दोष कॅमेऱ्याचा की समजुतीचा?

प्रश्न
काही महिन्यांपासून मी ‘ऑटो’ सोडून अॅपर्चर प्रायॉरिटीवर (भिंगाचे छिद्र मी ठरवतो, शटरचा वेग कॅमेरा) सराव करीत आहे, पण दोन अडचणी सुटत नाहीत. पांढऱ्या भिंतीपुढे पांढरा सदरा घातलेल्या व्यक्तीचे छायाचित्र घेतले की सगळे मळकट राखाडी येते, आणि आयएसओ (प्रकाशाबाबतची संवेदनक्षमता) १०० वरून ४०० केला तरी चित्र तसूभरही उजळत नाही. शिवाय खिडकीजवळ बसवून जोडीला दिवा लावला, तर चेहऱ्याची एक बाजू निळसर आणि दुसरी पिवळी दिसते. व्हाइट बॅलन्सचा (प्रकाशाच्या रंगानुसार चित्राचे रंग जुळवणारी सोय) कोणताही पर्याय निवडला तरी एक बाजू सुधारते आणि दुसरी बिघडते. नेमके कोठे चुकते?

प्रतिसाद १
कॅमेरा निर्दोष आहे. समोर भिंत आहे की कोळसा, हे कॅमेऱ्यातील उजेड मोजणाऱ्या मीटरला कळत नाही. जे दिसेल ते सरासरीने मध्यम राखाडी, म्हणजे सुमारे १८ टक्के प्रकाश परावर्तित करणारे आहे, असे धरून तो हिशेब करतो. त्यामुळे पांढरी भिंत त्याला जास्तीचा उजेड वाटते आणि तो ती दाबून राखाडी करतो. हल्लीचे मीटर थोडे शहाणे झाले आहेत, पण दृश्य सगळेच पांढरे असेल तर तेही फसतात.

आयएसओ वाढवून फरक पडला नाही, कारण १०० ते ४०० हे दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) कॅमेऱ्याने शटरमधून गुपचूप वळते करून घेतले. १/६० चा वेग सुमारे १/२५० झाला आणि उजळपणा होता तेथेच राहिला. अशा वेळी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याच्या हिशेबापेक्षा चित्र उजळ वा गडद करण्याची सोय) वापरावे. +१ पासून सुरुवात करून हिस्टोग्राम (उजळपणाचा आलेख: डावीकडे गडद, उजवीकडे उजळ) पाहा आणि सदऱ्याचा भाग उजव्या कडेजवळ जाईल, पण कडेला चिकटणार नाही, इतके वाढवा. काळ्या पडद्यापुढे हेच उलट, म्हणजे उणे करावे लागते.

प्रतिसाद २
दुसऱ्या अडचणीवर कॅमेऱ्यात उपाय नाही, हे आधी मान्य केलेले बरे. पिवळसर दिव्याचे रंगतापमान (प्रकाशाच्या रंगाचे माप; आकडा जितका मोठा तितका प्रकाश निळसर) साधारण २७०० ते ३००० केल्व्हिन, दुपारच्या उन्हाचे ५५०० च्या आसपास, तर सावलीतील आकाशप्रकाशाचे ७००० किंवा त्याहूनही अधिक असते. व्हाइट बॅलन्स मात्र संपूर्ण चित्राला एकच लागू होतो. दोन प्रकारच्या प्रकाशांना तो एकाच वेळी न्याय देऊ शकत नाही. म्हणून दिवा बंद करा आणि अंधाऱ्या बाजूला पांढरा पुठ्ठा धरून खिडकीचाच उजेड चेहऱ्यावर परतवा. दिवा हवाच असेल, तर त्याच्यापुढे निळे जेल (रंगीत पारदर्शक फिल्म) लावून त्याचा रंग खिडकीच्या प्रकाशाजवळ आणता येतो, पण त्यात बराच उजेड खर्ची पडतो.

जाता जाता एक गोंधळ सांगतो, ज्यात मी स्वतः बराच काळ अडकलो होतो. ३००० केल्व्हिनचा प्रकाश पिवळा असतो, पण कॅमेऱ्यात ३००० निवडले की चित्र निळे होते, कारण आपण कॅमेऱ्याला प्रकाशाचा रंग सांगतो आणि तो त्याची उलट भरपाई करतो.

प्रश्नकर्ता
दिवा बंद करून पुठ्ठा धरला आणि कॉम्पेन्सेशन +१.३ ठेवले; सदरा पांढरा आला, चेहराही एकसारखा दिसतो. पण रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या कच्च्या फाइलमध्ये) काढत असल्यास व्हाइट बॅलन्सकडे दुर्लक्ष केले तर चालेल ना? तो नंतर बदलता येतो, असे ऐकले आहे.

प्रतिसाद ३
बदलता येतो हे खरे, पण दुर्लक्ष करू नका. रॉ निवडला असला तरी कॅमेऱ्याच्या पडद्यावरील हिस्टोग्राम सहसा जेपेग पूर्वचित्रावरून काढलेला असतो आणि त्या पूर्वचित्रावर निवडलेल्या व्हाइट बॅलन्सचा परिणाम झालेला असतो. दिव्याच्या उजेडात तो चुकीचा ठेवला, तर लाल रंग कडेला टेकल्याचे दिसेल आणि तुम्ही विनाकारण एक्स्पोजर कमी कराल. नंतर संगणकावर ते उजळताना सावल्यांमध्ये रवाळपणा दिसू लागतो. व्हाइट बॅलन्स मागाहून सुधारता येतो, मात्र सदऱ्याचा जो भाग खरोखरच जळून पांढरा झाला, त्यातील विणीचा तपशील रॉमधूनही परत मिळत नाही. तेव्हा पहिल्या फ्रेममध्ये राखाडी कार्ड धरून एक छायाचित्र घ्या, त्यावरून व्हाइट बॅलन्स ठरवा आणि प्रकाश बदलेपर्यंत तोच व्हाइट बॅलन्स पुढच्या सर्व छायाचित्रांना लावा.