हायब्रिडची बॅटरी गेली तरी 'पेट्रोलवर चालेल' हा सल्ला देणं बंद करा

घाटवाट (धागाकर्ता)

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर भाच्याने डॅशबोर्डचा फोटो टाकला. लाल त्रिकोण पेटलाय आणि स्क्रीनवर हायब्रिड सिस्टीम तपासण्याची सूचना. पाच मिनिटांत सल्ले आले: "हायब्रिडच आहे ना? पेट्रोलवर चालव, बॅटरीचं बघू दिवाळीनंतर."

स्ट्राँग हायब्रिडसाठी, म्हणजे जी काही अंतर नुसत्या विजेच्या मोटरवरही धावते तिच्यासाठी, हा सल्ला घातक आहे असं माझं मत. टोयोटा प्रियसचं उदाहरण घेतो, कारण हायरायडर, हायक्रॉस, ग्रँड व्हिटाराची स्ट्राँग हायब्रिड यांची घडण त्याच वळणाची आहे. या गाड्यांमध्ये नेहमीचा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही, क्लच नाही. इंजिन चालू करते ती एक मोटर-जनरेटर, आणि तिला वीज मिळते मोठ्या बॅटरीतून. बिघाड दिसल्यावर सिस्टीमने त्या बॅटरीचं कनेक्शन तोडलं की एकदा बंद केलेली गाडी पुन्हा 'रेडी' (निघायला तयार) होत नाही, मग टाकी काठोकाठ भरलेली का असेना. धक्का मारून चालू करायचा आपला राष्ट्रीय उपायही इथे फुकट.

रिव्हर्स तर पूर्ण विजेवर. मागे जायचा वेगळा गिअरच नसतो, चाकं फिरवणारी दुसरी मोटर उलटी फिरते इतकंच. एसीचा कॉम्प्रेसरही त्याच बॅटरीच्या जिवावर. आणि 12 व्होल्टची छोटी बॅटरी चार्ज होते तीही याच उच्च दाबाच्या यंत्रणेतून. तिथला पुरवठा तुटला तर छोटी बॅटरी उतरत जाते, आणि इलेक्ट्रिक स्टीअरिंग तिच्यावर असतं. कसारा घाटात मागे ट्रक असताना हे कळायला नको.

मागच्याबाकावरचा

असहमत. माझ्याही गाडीच्या मागे 'हायब्रिड' असं झोकात लिहिलंय. तिची ती स्पेशल बॅटरी कधीच गेली. सिग्नलला इंजिन आपोआप बंद व्हायचं तेवढं थांबलं, बाकी गाडी टकाटक. अजून तशीच चालवतोय. उगाच लोकांना घाबरवू नका.

घाटवाट

तुमची माइल्ड हायब्रिड असणार हो. तिथे बेल्टवरचा छोटा जनरेटर इंजिनला जरा हात देतो, बस. नेहमीचा स्टार्टर आणि गिअरबॉक्स जागच्या जागी असतात, त्यामुळे ती पेट्रोलवर चालणारच. शोरूमवाले दोन्हींना एकाच नावाने विकतात आणि मग ग्रुपवर असे सल्ले फिरतात.

ओहमचा_नियम

धागाकर्त्याचं तंत्र बरोबर आहे, निष्कर्ष भडक. बॅटरी 'जाणे' म्हणजे दिवा विझल्यासारखं नसतं.

दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये निकेल-मेटल हायड्राइडचे 28 मोड्यूल, म्हणजे बॅटरीचे छोटे ठोकळे, एकामागे एक जोडलेले असतात. प्रत्येकात 6 सेल, एकूण 201.6 व्होल्ट. एक सेल खचला की तो मोड्यूल साधारण सव्वा व्होल्टने मागे पडतो. कॉम्प्युटर मोड्यूलच्या जोड्या, म्हणजे 14 गट, सतत मोजत असतो आणि त्यांच्यातला फरक फार वाढला की पी-झिरो-ए-एटी (P0A80) हा बिघाडाचा कोड नोंदवतो. तोवर बरेच महिने लक्षणं दिसत असतात. चार्जचा काटा भराभरा वर-खाली होतो, इंजिन उगाच चालू राहतं, मागच्या सीटजवळचा बॅटरी गार ठेवणारा पंखा घोंघावतो, मायलेज घसरतं. उतारावर तर नीट लक्ष द्या. क्षमता घटलेली बॅटरी लगेच 'भरते', मग ब्रेकमधून वीज साठवायला जागाच राहत नाही आणि उतरत असतानाच इंजिन एकदम ओरडायला लागतं.

या अवस्थेत गाडी चालते. घरी न्यायला, गॅरेजपर्यंत न्यायला काहीच हरकत नाही. तुम्ही म्हणता ती अवस्था त्यानंतरची.

(चढावर काटा तळाला गेला म्हणून बॅटरी मेली असं समजू नका. लांब चढावर चांगल्या बॅटरीचंही तेच होतं.)

घाटवाट

'त्यानंतरची अवस्था' कधी येणार हे तुम्हाला आधी कळतं का? कोड आला की पुढचा स्टॉप आपण ठरवायचा, गाडीने नव्हे. माझं म्हणणं एवढंच.

एडिसनकर_मावशी

आमच्या न्यू जर्सीत जुन्या हायब्रिड पैशाला पासरी. माझीही होती, कंपनीचं नाव काढत नाही, तिचा काही दोष नव्हता. दिवा लागल्यावर मेकॅनिकने स्कॅनर लावून कोड पुसून दिला आणि म्हणाला, चालव. कोड परत यायचा, आम्ही परत पुसायचो. एका संध्याकाळी किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये गाडी नाक भिंतीला लावून उभी केली आणि मग ती रिव्हर्सच घेईना! पुढे भिंत, मागे रांग, डब्यात आइस्क्रीम. घाटवाट यांच्याशी शंभर टक्के सहमत.

ओहमचा_नियम

मावशी, यात दोष कोड पुसणाऱ्याचा. चालवणं आणि लक्षण दडपून चालवणं यांत फरक आहे.

जुनंतेसोनं

लक्षण दडपायचं म्हणताय तर होंडा सिव्हिक हायब्रिड आठवा, 2006 ते 2008 ची मॉडेल्स. त्या गाड्यांत मोटर फक्त मदतनीस होती, म्हणजे बॅटरी ढेपाळली तरी इंजिन गाडी ओढायचं. मग अमेरिकेत बोंब का झाली? 2010 मध्ये बॅटरीचं आयुष्य वाढवायला सॉफ्टवेअर अपडेट आलं आणि मालक म्हणू लागले की मोटरची मदत कमी झाली, मायलेज पडलं. लॉस एंजेलिसजवळच्या टॉरन्समध्ये एका बाईंनी होंडाविरुद्ध थेट स्मॉल क्लेम्स कोर्ट (छोट्या रकमांच्या दाव्यांचं कोर्ट) गाठलं. फेब्रुवारी 2012 मध्ये त्यांना 9,867 डॉलर मंजूर झाले, आणि मे महिन्यात अपिलात तो निकाल फिरला.

म्हणून 'चालते ना' हा निकषच मला पटत नाही. 1.3 लिटरचं इंजिन एकट्याने गाडी ओढतं, पण हायवेला मर्ज होताना ॲक्सिलरेटर दाबून वाट बघायची हेसुद्धा ड्रायव्हिंगवर झालेला परिणामच आहे.

मागच्याबाकावरचा

मग दुरुस्त करा की. आमच्याकडे एक जण फक्त खराब मोड्यूल बदलून देतो, अख्ख्या पॅकच्या मानाने किरकोळ खर्चात.

पान्हा_नाना

गॅरेजवाल्याचं ऐका. एकच मोड्यूल बदलणं म्हणजे दिवाळीच्या जुन्या माळेत एक नवा दिवा लावणं. बाकीचे 27 त्याच वयाचे, त्याच उन्हात शिजलेले. सगळे लोडवर तपासून, क्षमतेची जोडी जुळवून बसवले तर काही काळ निघतो. नुसतं व्होल्टेज बघून बसवणाऱ्याकडे जाऊ नका. मोड्यूल जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या हिरव्या पडलेल्या असतात, त्या साफ न करता झाकण लावणारेही बघितलेत.

आणि यूट्यूब बघून घरी उघडू नका. सर्व्हिस प्लग (मोठ्या बॅटरीचा प्रवाह तोडणारा खटका) काढल्यावरही कपॅसिटरमध्ये साठलेली वीज उतरायला 10 मिनिटं थांबावं लागतं, आणि मोड्यूल तर भरलेलेच राहतात. दोनशे व्होल्ट डीसी चेष्टा करत नाही.

बॅटरी मरायचं निम्मं कारण सीटजवळ असतं. तिथल्या जाळीतून पंखा हवा ओढतो. त्यावर लोक उशा, पिशव्या ठेवतात. एकदा पंखा सोडवला तर कुत्र्याच्या केसांचा अख्खा नमदा निघाला.

मागच्याबाकावरचा

नाना, वॉरंटीत काय मिळतं ते बोला.

पान्हा_नाना

आपल्याकडे टोयोटा आणि होंडा सिटी हायब्रिडला बॅटरीची वॉरंटी 8 वर्षं किंवा 1,60,000 किमी, जे आधी होईल ते. अमेरिकेत टोयोटाची 2020 च्या मॉडेलपासून 10 वर्षं किंवा 1,50,000 मैल. सेकंडहँड घेणाऱ्याने आधी हे बघावं. डोंगल (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून मोबाइलवर आकडे दाखवणारं छोटं यंत्र) लावून गटागटाचं व्होल्टेजही बघून घ्यावं, तेही गाडी चढावर चालवताना. उभ्या गाडीत सगळे गट शहाण्यासारखे वागतात.

ओहमचा_नियम

आणि आधी 12 व्होल्टची बॅटरी तपासा! ती उतरली तरी गाडी 'रेडी' होत नाही, आणि लोक मोठ्या पॅकचं कोटेशन घेऊन रडत बसतात.

मागच्याबाकावरचा

बरं, गाडी रस्त्यातच बसली तर? दोर लावून ओढून आणू ना?

घाटवाट

अजिबात नको! पुढची चाकं फिरली की मोटर फिरते आणि वीज तयार होते. रोडसाइड असिस्टन्सला फोन केलात की पहिल्याच वाक्यात 'हायब्रिड आहे, फ्लॅटबेड पाठवा' असं सांगा, म्हणजे अख्खी गाडी वर चढवून नेणारा ट्रक. नाहीतर ते दोर घेऊनच येतात.