गोचिडीची लॅब टेस्ट ठाण्यात कुठे होते? (आमच्या बंड्यासाठी, जरा अर्जंट)

बंड्याची_ताई, वर्तकनगर
नमस्कार मंडळी, इथे नेहमी वाचते पण लिहितेय पहिल्यांदाच. आमचा बंड्या इंडी आहे, चार वर्षांचा, कोलशेतला एका बांधकामाच्या साइटवर पिल्लू असताना मिळाला होता. बाबा रोज सकाळी त्याला उपवनला नेतात, रविवारी येऊरच्या बाजूला. गेल्या आठवड्यात त्याच्या कानामागे आणि पंजाच्या बोटांमध्ये गोचिड्या सापडल्या, मोजून अकरा, त्यातल्या दोन तर वाटाण्याएवढ्या फुगलेल्या. आईने तीन रॉकेलच्या वाटीत टाकल्या, बाकीच्या मी औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवल्यात कारण कुठेतरी वाचलं की गोचिडीच्या पोटात कुठले जंतू आहेत ते पीसीआर करून कळतं. तर ही टेस्ट ठाण्यात कोण करतं? बंड्या तसा ठीक आहे, फक्त दोन दिवस अर्धंच जेवतोय आणि जिना चढताना मधेच बसतो, बाबा म्हणतात उकाड्यामुळे. घरात माझा तीन वर्षांचा भाचा आहे, तो दिवसभर त्याच्या गळ्यात पडलेला असतो आणि सिंधुदुर्गातल्या माकडतापाच्या बातम्या आठवून मला रात्री झोप लागत नाहीये.

कळवा_खाडी
ताई, बाटली राहू द्या बाजूला, बंड्याला आजच्या आज व्हेटकडे न्या. अर्धं जेवणं आणि जिन्यात बसणं हे उकाड्याचं नाही हो. आमच्या राणीचं अगदी असंच सुरू झालं होतं, एका क्लिनिकमध्ये तिला पोटाचं औषध दिलं, चार दिवसांत ती खायला लागली म्हणून आम्हीही खूश झालो आणि विसरून गेलो. आठ महिन्यांनी एका सकाळी तिच्या नाकातून रक्त यायला लागलं ते थांबेचना. तेव्हा रक्त तपासलं तर प्लेटलेट्स जवळजवळ नव्हत्याच, आणि डॉक्टर म्हणाले टिक फीवर (गोचिडीतून होणारा आजार) आतमध्ये कधीपासून आहे, आता बोनमॅरो साथ देत नाही. तेव्हा एक साधी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) केली असती तर, हे मी अजून मनातून काढू शकलेलो नाही. प्लीज उद्यावर ढकलू नका. आणि ताप वाटला तरी घरातली पॅरासिटामॉल वगैरे माणसांची गोळी अजिबात देऊ नका.

सूक्ष्मदर्शी
मायक्रोबायोलॉजी शिकलोय आणि गोचिडींच्या पीसीआरवर दोन वर्षं काम केलंय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. कळवा_खाडी म्हणतायत तेच आधी करा. टेस्ट हवीच, पण ती गोचिडीची नको, बंड्याच्या रक्ताची हवी.

कारण असं. लॅबमध्ये गोचीड आली की आधी मायक्रोस्कोपखाली तिची जात बघतात (आपल्याकडे कुत्र्यांवर बहुतेक वेळा तपकिरी गोचीडच असते, ऱ्हिपिसेफॅलस), मग ती अल्कोहोलने धुतात म्हणजे अंगावरचा कचरा जातो, मग तुकडे करून कुटून आतला डीएनए काढतात आणि त्यात ठराविक जंतूचा तुकडा आहे का हे पीसीआरने बघतात. एर्लिकिया, अ‍ॅनाप्लाझ्मा हे बॅक्टेरिया म्हणून १६एस जीन, बबेसिया आणि हिपॅटोझून हे एकपेशीय परजीवी म्हणून १८एस. पण तुमच्या त्या वाटाण्याएवढ्या दोघी बंड्याचंच रक्त पिऊन फुगल्यात. त्यात एर्लिकिया सापडला तर तो गोचिडीने बंड्याला दिला की बंड्याच्या रक्तातून गोचिडीत गेला हे त्या रिपोर्टवरून कळणारच नाही. शिवाय इतकं रक्त असलं की त्यातलं हीम (रक्ताला लाल रंग देणारं द्रव्य) पीसीआरच बिघडवतं आणि खोटा निगेटिव्ह येतो. बरं, तुमच्या आठही निगेटिव्ह आल्या तरी नववी कुठलीतरी आधीच चावून गळून पडलेली असू शकते. एर्लिकियाला तर चिकटल्यापासून काही तास पुरतात, बबेसियाला साधारण दोन दिवस लागतात.

मग गोचिडी तपासायच्या कशाला, तर एखाद्या भागात कुठले जंतू फिरतायत हे कळायला. तिथे रक्त न प्यायलेली, भिंतीवरून किंवा गवतातून पकडलेली गोचीड जास्त बोलते. एर्लिकिया अंड्यांमधून पुढच्या पिढीत जात नाही, म्हणजे नुकत्याच अंड्यातून निघालेल्या अळीत तो नसतोच, आणि रक्त न प्यायलेल्या मोठ्या गोचिडीत सापडला तर तो तिने आधीच्या अवस्थेत कुठल्यातरी कुत्र्याकडून घेतलेला आहे हे नक्की. बबेसिया मात्र आईकडून अंड्यांत उतरू शकतो. मला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो कारण घराच्या भेगांमध्ये काय वाढतंय ते त्यावर ठरतं.

आता रक्ताचं. सीबीसी प्लेटलेट्ससकट, कानाच्या टोकाच्या थेंबाचा स्मिअर, म्हणजे काचेवर पसरून मायक्रोस्कोपखाली बघायचं रक्त (बबेसिया तिथे जास्त सापडतो) आणि जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये पीसीआरसाठी रक्त. डॉक्सी (डॉक्सिसायक्लिन, यावरचं अँटिबायोटिक) सुरू करायच्या आधी हे रक्त काढून घ्या, हे डॉक्टरांना आठवणीने सांगा, कारण गोळ्या सुरू झाल्या की पीसीआर निगेटिव्ह यायला लागतो आणि मग सगळेच गोंधळतात. दहा मिनिटांचं किट अँटीबॉडी बघतं, पहिल्या दोन-तीन आठवड्यांत अँटीबॉडी तयारच नसतात आणि बरं झाल्यावरही त्या महिनोन्महिने राहतात, म्हणून एकट्या किटवर विसंबू नका.

माकडतापाबद्दल: तो व्हायरस आहे, १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोग्याजवळच्या क्यासनूर जंगलात सापडला, आणि तो पसरवणारी गोचीड वेगळी, जंगलातली, हिमॅफिसॅलिस. कानामागच्या तपकिरी गोचिडीमुळे त्याची भीती नको. पण हीच तपकिरी गोचीड माणसाला टिक टायफस देऊ शकते, म्हणून भाच्याचे कान, मान, काखा रोज बघा, आणि ताप किंवा अंगावर पुरळ आलं तर मुलांच्या डॉक्टरांना गोचिडीचं आपणहून सांगा, ते विचारतीलच असं नाही.

बंड्याची_ताई, वर्तकनगर
खूप खूप आभार दोघांचे. कळवा_खाडी दादा, राणीचं वाचून रडूच आलं. आत्ता क्लिनिकमधूनच लिहितेय, ताप १०४ आहे, रक्त काढलंय, तुम्ही सांगितलं तसं डॉक्सीच्या आधी. डॉक्टरांनी हिरड्या दाबून दाखवल्या, फिकट आहेत, पोटावर बारीक लाल ठिपके पण आहेत जे आम्ही घामोळं समजलो होतो. बाटलीतल्या गोचिडींचं काय करू मग?

सूक्ष्मदर्शी
अजून टाकू नका. ७० टक्के किंवा त्याहून कडक अल्कोहोलमध्ये बुडवून, तारीख आणि जागा पेन्सिलने चिठ्ठीवर लिहून ती आतच टाका, पेनाची शाई विरघळते. फॉर्मॅलिन चालत नाही, डीएनए खराब होतो. मग परळच्या व्हेटर्नरी कॉलेजच्या पॅरासायटॉलॉजी विभागाला फोन करून विचारा, घेत असतील तरच न्या.

खारघरची_मावशी
मी आमच्या सेक्टरमधल्या चौदा कुत्र्यांना रोज खाऊ घालते, त्यामुळे गोचिडी काही नवीन नाहीत. बाळा एक लक्षात घे, अंगावर दिसतात त्या थोड्या, बाकी सगळ्या घरात असतात. फुगलेली मादी गळून पडते आणि भिंतीच्या भेगेत, दाराच्या चौकटीमागे, पडद्याच्या शिवणीत जाऊन हजारो अंडी घालते, आणि ही तपकिरी जात वर चढते, म्हणून फक्त फरशी पुसून उपयोग नाही, छताच्या कोपऱ्यापर्यंत टॉर्च मार. सोसायटीत वॉचमनची केबिन आणि जिन्याखालची जागा पण बघ, आमच्याकडे सगळ्यात जास्त तिथेच होत्या, आणि एकाच घराने फवारणी केली तर पंधरा दिवसांत शेजारून परत येतात. काढताना चिमट्याने कातडीला लागून धरायची आणि सरळ ओढायची, काडीने जाळायची नाही, तेल नाही, नखाने तर मुळीच चिरडायची नाही. अंगावरचं औषध डॉक्टर वजन बघून देतील. घरात मांजर असेल तर ते आधी सांग, परमेथ्रिन हे गोचिडीचं औषध कुत्र्याला चालतं पण मांजर त्याने मरू शकतं.

बंड्याची_ताई, वर्तकनगर
रिपोर्ट आले. प्लेटलेट्स ६१ हजार, डॉक्टर म्हणाले दोन लाखांच्या वर हव्यात. स्मिअरमध्ये काही दिसलं नाही, किट निगेटिव्ह, आणि पीसीआरमध्ये एर्लिकिया पॉझिटिव्ह, बबेसिया निगेटिव्ह. सूक्ष्मदर्शी, तुम्ही लिहिलं नसतं तर किटचा रिपोर्ट बघून आम्ही घरी परत आलो असतो. डॉक्सी २८ दिवस द्यायची आहे, रिकाम्या पोटी नाही.

सूक्ष्मदर्शी
म्हणजे इन्फेक्शन ताजं आहे, अँटीबॉडी तयार व्हायच्या आत पकडलंत. स्मिअरमध्ये मोरुला (रक्तपेशीच्या आत दिसणारा एर्लिकियाचा पुंजका) दिसली तर खात्री होते पण बऱ्याचदा दिसतच नाही, त्याची काळजी नको. चार-पाच दिवसांत तो उड्या मारायला लागेल आणि घरचे म्हणतील झाला बरा, तरीही एक दिवस गोळी चुकवू नका.

कळवा_खाडी
हे शेवटचं वाक्य बाबांना वाचून दाखवा ताई, माझ्याकडून.

बंड्याची_ताई, वर्तकनगर
दाखवलं दादा. बाबांनी आता गोळ्यांच्या वेळा फ्रिजवर लिहून ठेवल्यात आणि काल स्वतः कपाट ओढून बघितलं तर मागच्या भेगेत अंड्यांचा तपकिरी पुंजका होता, मोहरीपेक्षा बारीक दाणे. शनिवारी आमच्यासकट मजल्यावरची चारही घरं फवारणी करतायत, तोवर भाचा आणि बंड्या दोघंही आत्याकडे. पुढच्या शुक्रवारी परत सीबीसी आहे, आकडा इथे लिहीन.