मदत हवी आहे: ड्रमचा स्मोकर १५० च्या खाली येत नाही

२०० लिटरच्या लोखंडी ड्रमचा स्मोकर (मंद आचेवर, धुरात पदार्थ शिजवायची भट्टी) करतोय. ड्रम खाद्यतेलाचा, रसायनाचा नाही, खात्री केली आहे. आतला लेप लाकडं पेटवून दोनदा जाळला, तारेच्या ब्रशने घासला. तरी तळाच्या शिवणीत नख लावलं की तपकिरी खपली निघतेच.

जाळी स्टीलची. आधी गॅल्व्हनाइज्ड आणली होती, पण तापलेल्या जस्ताचा धूर विषारी म्हटल्यावर परत केली. कोळशाची टोपली तळापासून ८ सेंमी वर, तिच्यावर ६० सेंमीला जाळी. थर्मामीटर जाळीच्याच उंचीवर.

घोडं अडलंय हवेपाशी. तळाशी २० मिमीची तीन भोकं, एकाला बॉल व्हॉल्व्ह, दोनांवर पत्र्याच्या चकत्या. मला आत ११० ते १२० अंश तापमान हवंय. रिकामाच पेटवून पाहिला, तर सगळं बंद करूनही काटा १५० वर! झाकणाच्या कडेने धूर निघतो, चकत्याही घट्ट बसत नाहीत. वेल्डिंग येत नाही, हाताशी फक्त ड्रिल आहे.

आधी काय करू: झाकणाला फायबरग्लासची दोरी, की तिन्ही भोकांना व्हॉल्व्ह? आणि शिवणीतला लेप पुन्हा जाळून निघेल, की सँडब्लास्टिंगच (वाळूचा जोरदार मारा करून घासणं) करावं लागेल?