दोन छेदणारी वर्तुळं : अक ∥ बड सिद्ध करताना कारण कुठे चुकतं?

रेवा_इंदूर
इंदूरला सीबीएसईच्या नववी-दहावीच्या शिकवण्या घेते. दोन वर्तुळं प आणि फ मध्ये छेदतात. प मधून जाणारी रेषा पहिल्या वर्तुळाला अ मध्ये, दुसऱ्याला ब मध्ये छेदते. फ मधून जाणारी तशीच क आणि ड मध्ये. अक ∥ बड दाखवायचं आहे. बरीच मुलं ∠कअप = ∠कफप लिहून अडकतात. शिवाय अ आणि क एकच बिंदू झाले तर?

परकार
ताई, दोन्ही कोन जीवा कप वरचेच आहेत, पण अ आणि फ तिच्या विरुद्ध बाजूंना आहेत. म्हणून ते समान नसतात, त्यांची बेरीज १८०° असते. आधी जीवा बोटाने दाखवायला लावा, मग बाजू विचारा.

पफ जोडा, सगळी सिद्धता या जीवेवर उभी आहे. अपफक चक्रीय (चारही शिरोबिंदू एकाच वर्तुळावर), म्हणून बाह्यकोन ∠पफड = ∠कअप. पबडफ चक्रीय, म्हणून ∠पफड + ∠पबड = १८०°. म्हणजे ∠कअब + ∠अबड = १८०°. छेदिका अब च्या एकाच बाजूचे आंतरकोन, झालं समांतर.

मात्र दोन्ही रेषा पहिल्या वर्तुळाच्या आतच एकमेकींना छेदत असतील, तर अ आणि फ जीवा कप च्या एकाच बाजूला येतात. तिथे मुलांचं ∠कअप = ∠कफप बरोबर ठरतं आणि शेवटी व्युत्क्रम कोन मिळतात. हे प्रकरण वेगळं लिहायलाच हवं.

स्पर्शबिंदू
अ आणि क एकत्र आले की अक च्या जागी अ मधली स्पर्शिका अट येते. ट हा रेषा अब च्या, फ नसलेल्या बाजूला घ्या. ∠टअप = ∠अफप = ∠पबड, व्युत्क्रम कोन समान.

पहिली समानता एनसीईआरटीत प्रमेय म्हणून नाही, ती सिद्ध करून घ्यावी लागते. व्यास अम काढा. ∠टअम आणि ∠अपम दोन्ही ९०°, म्हणून ∠टअप = ९०° − ∠पअम = ∠अमप = ∠अफप. हे ∠टअप लघुकोन असतानाच चालतं. विशालकोन असेल तर स्पर्शिकेच्या दुसऱ्या बाजूचा कोन घ्या.

परकार
आकृतीत त्रिज्या ३ आणि ४.५ सेमी, केंद्रांतलं अंतर ५ सेमी ठेवा. अब ही पफ ला लंब काढू नका. अफ व्यास होतो आणि मुलं दिसणारा काटकोन दिलेला समजून वापरतात.