फाटकाला टांगलेली ढेपेची बादली जनावर उचलून टाकते. काय उपाय करावा?

केळीपट्टा (यावल तालुका)

नमस्कार मंडळी. आमच्या खळ्यात दोन म्हशी, एक गाय, वर्षाची एक वगार (म्हशीची मादी पारडी) आणि सहा शेळ्या एवढाच पसारा आहे. सिमेंटची गव्हाण फक्त म्हशींपुरती बांधलेली असल्यामुळे गायीला आणि वगारीला लोखंडी फाटकाच्या वरच्या पाइपाला अडकवलेल्या बादलीतून भिजवलेली सरकी ढेप व तुरीची चुनी देतो. बादल्या म्हणजे रंगाच्या २० लिटरच्या रिकाम्या डब्या, ज्या आपल्याकडे घरोघरी असतात त्याच.

अडचण अशी की गाय खाऊन संपत आले की बादलीच्या काठाखाली नाक घालून वर हुंदडा देते, त्यासरशी कडी आकड्यातून निसटते आणि उरलेली ढेप शेणात जाते. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सालदार, म्हणजे वर्षाच्या कराराचा गडी, सोडून गेल्यापासून संध्याकाळचा खुराक माझे वडीलच घालतात. त्यांनी वैतागून बादली बाइंडिंग तारेने बांधली, पण रोज ती तार पिळणे आणि सोडणे त्यांच्या बोटांना झेपत नाही. मागच्या महिन्यात तर वगारीने कडीतून मान घातली आणि बादली गळ्यात घेऊन ती खळेभर उधळली. सुदैवाने पाय मोडला नाही.

गावातील फॅब्रिकेशनच्या दुकानातून दीड इंची पाइपासाठी म्हणून एक आकडा वाकवून आणला, तर तो पाइपावर बसेचना. कारागिराने हातोडीने तोंड फाकवून दिले आणि आता तो हलतो. बादलीला भोके पाडून ती नट-बोल्टने फाटकाला कायमची जखडून टाकावी, असा विचार सध्या मनात आहे. कोणी याहून सोपे आणि टिकाऊ काही केले असेल, तर कृपया मापांसह सांगावे. फाटक दहा फुटांचे असून जमीन काळी आहे.

ऐरण (शिरपूर)

केळीपट्टा भाऊ, मी वेल्डिंगचे काम करतो, त्यामुळे आधी त्या न बसलेल्या आकड्याचे सांगतो, कारण ही चूक आमच्या धंद्यात फार होते. पाण्याचा किंवा गॅल्व्हनाइज्ड पाइप ज्या इंचांनी ओळखला जातो, ते त्याच्या बाहेरच्या व्यासाचे माप नसते. दीड इंची पाइप बाहेरून ४८.३ मिलिमीटर भरतो, सव्वा इंची ४२.४ आणि दोन इंची ६०.३. दीड इंच म्हणजे ३८ मिलिमीटर असा हिशोब करून कोणी आकडा वाकवला, तर तो बसणार कसा? उलट फर्निचरचा पातळ पाइप बाहेरच्या मापानेच विकला जातो. म्हणून नाव विचारू नये, पाइपाला दोरी गुंडाळून घेर मोजावा आणि ती दोरीच कारागिराला द्यावी.

आता मूळ मुद्दा. आपण बादली टांगतो तेव्हा ती खाली पडू नये एवढाच विचार करतो, आणि खाली न पडण्यासाठी उघड्या तोंडाचा साधा आकडा पुरेसा असतो. पण जनावर बादली खाली ओढत नाही, ते ती वर ढकलते. आणि बादली रिकामी होत जाते तशी तिला जागेवर ठेवणारे वजनही कमी होत जाते. तुमची गाय शेवटी शेवटी बादली उडवते ती यामुळेच. तेव्हा अडवायचे आहे ते वर जाणे, आणि तेही असे की माणसाला एका हाताने मोकळे करता यावे.

मी गेली काही वर्षे पुढील प्रकारे बनवून देतो. २५ मिलिमीटर रुंद व ५ मिलिमीटर जाड लोखंडी पट्टीचे दोन तुकडे घ्यावेत. प्रत्येकाचे वरचे टोक उलट्या यू आकारात, आत ५० मिलिमीटर जागा राहील असे वाकवावे, म्हणजे ते तुमच्या पाइपावर टोपीसारखे बसेल. यूच्या आतल्या माथ्यापासून ६० मिलिमीटर खाली दोन्ही पायांना आरपार भोक पाडून त्यात १० मिलिमीटरचा बोल्ट घालावा. बोल्ट पाइपाच्या बरोबर खाली येतो, त्यामुळे सांगाडा उचलून काढताच येत नाही. पट्ट्यांच्या खालच्या टोकांना १० मिलिमीटर सळईचे एक कडे वेल्ड करावे, ज्यात बादली वरून उतरते आणि निमुळती असल्यामुळे काठाखाली चार बोटांवर घट्ट बसते. कड्यासाठी बादलीचा तिथला घेर दोरीने मोजावा, पण सळई तेवढीच कापू नये. वाकवताना सळईची जाडीही घेरात जाते, त्यामुळे जाडीच्या तिपटीहून किंचित जास्त, म्हणजे १० मिलिमीटर सळईसाठी सुमारे ३१ मिलिमीटर वाढवून कापावी लागते. बैलगाडीच्या चाकाला धाव चढवणारे जुने लोहार हा हिशोब तोंडी करीत असत.

आता कडीची गंमत. दोन्ही पट्ट्यांच्या मध्ये, बादलीच्या काठाच्या पातळीला, एक आडवी पट्टी द्यावी आणि तिच्यावर वर तोंड असलेला छोटा आकडा लावावा. बादली कड्यात बसली की तिची कडी फाटकाकडे मागे पाडायची. ती नेमकी त्या आकड्यात पडते. आकड्याच्या तोंडात भोक पाडून ट्रॅक्टरच्या अवजारांना लावतात ती लिंच पिन (अडकवायची खीळ) घातली, की कडी बंद. बादली वर उचलायची तर कडी वर गेली पाहिजे, आणि कडीला पिनेने धरलेले असते. शिवाय कडी उभी राहतच नाही, त्यामुळे वगारीची मान तिच्यात जाण्याचा प्रश्न उरत नाही. पिन फाटकाच्या बाहेरच्या अंगाने घालता यावी, म्हणजे वडिलांना आत जावे लागणार नाही.

या मापाच्या पट्टीचे वजन मीटरला साधारण एक किलो भरते, त्यामुळे सगळा सांगाडा तीन किलोंच्या आतबाहेर होतो. कडा ग्राइंडरने गोल करून घ्याव्यात, हा भाग कारागीर टाळतात.

औषधपाणी (धुळे)

ऐरण दादांच्या रचनेविषयी मला आक्षेप नाही, परंतु मूळ प्रश्नातील दोन गोष्टींविषयी लिहिणे आवश्यक वाटते. मी पशुवैद्यकीय क्षेत्रात काम करतो.

पहिली गोष्ट म्हणजे ती बाइंडिंग तार. ती आजच काढून टाकावी. गाय-म्हैस चारा चावून चावून निवडत नाही. आधी गिळते आणि मग निवांत रवंथ करते. तारेचा तुटलेला तुकडा ढेपेबरोबर पोटात गेला, की तो जड असल्यामुळे दुसऱ्या कप्प्यात, म्हणजे जाळीपोटात, जाऊन बसतो. जाळीपोट छातीच्या पडद्याला लागून आहे आणि पडद्याच्या पलीकडे लगेच हृदय. पोट आवळले जाताना तार पुढे सरकत जाते. जनावर खाणे सोडते, पाठ कमानीसारखी करते, उतारावरून चालायला तयार होत नाही, आणि पुष्कळदा छातीखाली सूज येईपर्यंत मालकाच्या लक्षातच येत नाही. तोपर्यंत उशीर झालेला असतो. रोज पिळली आणि सोडली जाणारी तार कधी ना कधी तुटतेच, आणि ती तुटते नेमकी खुराकाच्या बादलीच्या तोंडाशी. याच कारणासाठी ती लिंच पिनसुद्धा सुटी ठेवू नये. साखळीच्या तीन-चार कड्यांनी बाहेरच्या बाजूला वेल्ड करून ठेवावी.

दुसरी गोष्ट, बादली कायमची जखडू नये. भिजवलेली ढेप आपल्याकडच्या उन्हाळ्यात, जेव्हा जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो, काही तासांतच आंबते, आणि तळाशी चिकटलेल्या थरावर दुसऱ्या दिवशीचा खुराक पडला तर तोही नासतो. बादली रोज निघाली पाहिजे, घासली गेली पाहिजे आणि पालथी पडली पाहिजे. बोल्टने बसवलेली बादली कोणी घासत नाही, हा माझा अनुभव आहे.

ऐरण दादांना एक विनंती. त्या छोट्या आकड्याचे टोक पट्टीच्या वर डोकावू देऊ नये आणि जनावराच्या दिशेने तर मुळीच वळवू नये. वेसण किंवा मोरखी अशा टोकात अडकली आणि जनावराने मान झटकली, तर नाकपुडी फाटते. उंचीचे म्हणाल, तर काठ गायीच्या गुडघ्याच्या वर पण छातीच्या खाली असावा. मान खाली करून खाताना लाळ जास्त सुटते आणि कोठीपोटातील (पहिल्या मोठ्या कप्प्यातील) आम्लता आवाक्यात राहते.

बोरीकाठची ताई (अमळनेर तालुका)

आमच्याकडे फक्त शेळ्या आहेत आणि एवढे लोखंडकाम करण्याची गरज आम्हाला भासली नाही. मोटारीचे जुने टायर जमिनीवर आडवे ठेवले आणि त्याच्या पोकळीत बादली बसवली, तर ती कलंडत नाही. बिनखर्चाचे काम आहे. तथापि शेळ्या टायरवर पाय देऊन उभ्या राहतात आणि बादलीत लेंड्या टाकतात, हे मान्य करावे लागेल.

औषधपाणी (धुळे)

ताई, लेंड्या हाच खरा प्रश्न आहे, कारण जंतांचा आणि करडांच्या रक्ती हगवणीचा प्रसार त्यातूनच होतो. शेळ्यांची बादली जमिनीवरून उठलेलीच बरी. टायर वापरायचे असल्यास ते कापू नये, हेही सांगतो. कापलेल्या कडेतून पोलादी तारा बाहेर येतात, आणि तारेविषयी वर लिहिलेच आहे.

तापीचा घोडेस्वार (शहादा तालुका)

आमच्याकडे सारंगखेड्याच्या यात्रेत शेकडो घोडे उतरतात, पण चंदीसाठी बादली टांगलेली क्वचितच दिसते. घोड्याच्या तोंडाला तोबरा (दाण्याची पिशवी) बांधला की प्रश्नच मिटतो. गायीला मात्र तोबरा मानवणार नाही, शिंगे आडवी येतील आणि ओली ढेप त्यात बसणार नाही, म्हणून त्याचा आग्रह धरत नाही.

मला बोलायचे आहे ते फाटकाविषयी, कारण वरच्या चर्चेत सगळ्यांनी बादली सांभाळली आणि फाटक वाऱ्यावर सोडले. भरलेली बादली व सांगाडा मिळून २० किलोंच्या पुढे जातात. हे ओझे दहा फुटी फाटकाच्या कडी लावायच्या टोकाला, समजा नवव्या फुटावर, टांगले, तर बिजागरीवर पडणारा पिळ बिजागरीपासून दीड फुटावर टांगल्याच्या सहापट होतो. त्यात आपली काळी जमीन. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि दर वर्षी खांब थोडा थोडा झुकतो. आमच्या एका फाटकाचे टोक याच कारणाने जमिनीला टेकले होते आणि ते उघडण्यासाठी दोन माणसे लागत होती. सांगाडा बिजागरीच्या बाजूलाच लावावा, आणि शक्य असेल तर फाटकाऐवजी शेजारच्या पक्क्या पाइपाच्या कठड्यालाच.

ऐरण (शिरपूर)

घोडेस्वार दादांचे म्हणणे योग्य आहे, मी ते लिहायला विसरलो. औषधपाणी साहेबांची सूचनाही मान्य. आकड्याऐवजी दोन्ही बाजूंना छोटे कान उभे करून त्यांच्यामधून पिन घातली, तर टोकच राहत नाही.

केळीपट्टा (यावल तालुका)

सर्वांचे आभार. तीन आठवड्यांनी लिहितो आहे, कारण वापरून पाहिल्याशिवाय लिहिणे बरोबर वाटले नाही.

तार त्याच दिवशी काढली. दोरीने मोजल्यावर पाइपाचा घेर १५२ मिलिमीटर भरला, म्हणजे तो ऐरण दादांच्या ४८ च्या हिशोबातलाच निघाला. ती दोरी घेऊन दुसऱ्या कारागिराकडे गेलो आणि दोन सांगाडे करून घेतले, एक गायीसाठी व एक वगारीसाठी. आकड्याऐवजी दोन कान आणि त्यांतून पिन अशीच रचना ठेवली. दोन्ही सांगाडे बिजागरीच्या बाजूला आहेत, त्यामुळे फाटक उघडताना बादल्या फारशा हलतही नाहीत.

पहिले तीन-चार दिवस गायीने नेहमीप्रमाणे हुंदडे दिले. बादली जागची हलली नाही, मात्र पट्टी पाइपावर आपटून एवढा आवाज होई की रात्री वाटे कोणी फाटक उघडते आहे. यूच्या आत सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घातल्यावर आवाज थांबला, आणि आठवडाभरात गायीनेही नाद सोडला. वडील आता बाहेर उभे राहूनच बादली बसवतात, कडी मागे पाडतात आणि पिन घालतात. पिन थोडी सैल हवी होती, अशी त्यांची एकच तक्रार आहे. भोक मोठे करून घेतो.

एक उणीव राहिली. रंगाची बादली उन्हात ठेवल्याने तिचा कडी धरणारा कान तडकू लागला आहे, आणि कडीच निखळली तर पिन कशाला धरणार? तेव्हा पत्र्याची गॅल्व्हनाइज्ड बादली घेण्याच्या विचारात आहे. तिचा घेर वेगळा भरल्यास कडेही नवे करावे लागेल, म्हणून सांगाडे बनवणाऱ्यांनी आधी बादली पक्की ठरवावी. शेळ्यांचे कडे खालच्या आडव्या पाइपाला लावायचे आहे. तो सव्वा इंची असल्यामुळे यूची आतली जागा ४४ ठेवली आणि बोल्टचे भोक माथ्यापासून ५४ वर घेतले तर चालेल ना, एवढे ऐरण दादांनी सांगावे.

ऐरण (शिरपूर)

चालेल. ट्यूबचा तुकडा घालणार असाल, तर ४४ ऐवजी ४६ ठेवा आणि भोक ५६ वर घ्या.