हर्झबर्गच्या आडून पगारवाढ टाळणाऱ्यांसाठी

खडूस_कारकून
'पैशाने माणूस कामाला लागत नाही, फक्त त्याची कुरकुर थांबते' असा लेख परवा इथे एका मॅनेजर महाशयांनी टाकला. साक्षीला अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हर्झबर्ग. खाली वाहवाच वाहवा. प्रतिसाद लिहायला बसलो, तो लांबला म्हणून वेगळा धागा.

हर्झबर्गने १९५९ साली जे मांडलं ते पिट्सबर्गकडच्या दोनशेएक इंजिनिअर आणि अकाउंटंट मंडळींना विचारून. कामात कधी फार छान वाटलं, कधी फार वाईट, सांगा. आता छान झालं की 'मी केलं' आणि बिनसलं की 'साहेब, पगार, पॉलिसी', हे कोण सांगत नाही? त्यात एक हमाल नाही, एक लूमवाला नाही. शिवाय पगार तुटपुंजा असेल तर माणूस नाराजच राहणार, हेही त्याचंच म्हणणं. ते वाक्य लेखात सोयीस्कर गळालंय. आमच्या जुन्या ऑफिसात इन्क्रिमेंटच्या तोंडावरच 'ओनरशिप'वर (काम आपलंच समजा!) सेशन व्हायचं.

एचआरवाली
असहमत. सोडून जाणाऱ्यांशी शेवटचं मीच बोलते. फॉर्मवर सगळे 'पगार' लिहितात, बोलायला लागले की साहेब निघतो. एका मुलाने रात्र जागून केलेलं प्रेझेंटेशन साहेबाने स्वतःच्या नावावर खपवलं. तो माझ्यासमोर रडला. दोन हजार वाढवून थांबला असता का?

आणि डेसी या मानसशास्त्रज्ञाने १९७१ साली विद्यार्थ्यांना ठोकळ्यांची कोडी सोडवायचे पैसे दिले. पैसे बंद झाल्यावर मोकळ्या वेळात त्यांनी कोड्यांना हात लावणं कमी केलं. हे कसं?

खडूस_कारकून
ताई, कोडी ती. नाइट शिफ्ट नव्हे. आणि दोन हजारांत नसता थांबला, वीस हजारांत थांबला असता, मग प्रेझेंटेशनवर साहेबाच्या आजोबांचं नाव का असेना!

फोर्डचं घ्या. १९१३ साली १४ हजार माणसं टिकवायला वर्षभरात ५२ हजारांची भरती करावी लागली. जानेवारी १९१४ मध्ये दिवसाला ५ डॉलर जाहीर केले आणि गळती झपाट्याने घटली. कुठलं सेशन घेतलं होतं?

एचआरवाली
त्या ५ डॉलरमधला निम्मा भाग नफ्यातला वाटा होता. तो मिळण्यासाठी दारू किती पिता, घर कसं ठेवता, हे बघायला कंपनीचे लोक घरी यायचे. तेही सांगा की. आणि मुळात पळत का होते? दिवसभर एकच नट पिळून जीव विटला म्हणून. माणसं टिकली, रस कुठे आला?

निवृत्त_फोरमन
फोर्ड राहू द्या, बोनसचं बोला. १९६५ च्या बोनस कायद्याखाली पुढे वर्षाच्या पगाराच्या किमान ८.३३ टक्के द्यावेच लागत, कंपनी तोट्यात असली तरी. म्हणजे वर्षाला ढोबळमानाने एका महिन्याचा पगार. आमच्या मालकाने तोच पाकिटात घालून वर छापलं, 'तुमच्या कष्टाचं कौतुक'! हक्काचे पैसे आणि वर उपकार.

पोटार्थी
काका, तुम्हाला पाकीट तरी मिळालं. आम्हा बोनस कायद्याच्या मर्यादेच्या वर पगार असणाऱ्यांना पावशेर काजूकतली आणि सीईओच्या छापील सहीचं कार्ड.

धंदेवाईक
बोनस बोनस करूनच मुंबईच्या गिरण्या घालवल्या. १८ जानेवारी १९८२ चा गिरणी संप, विसरलात? मी वीस माणसं पोसतो. फुकट कोणी कामाला लागत नाही हे खरं, पण पैसे देऊनही लागत नाही.

पोटार्थी
'पोसतो'?? ते राबतात म्हणून तुम्ही जेवता. माझे बाबा बदली कामगार होते. रोज सकाळी गेटवर जायचं, कोणी गैरहजर असेल तर काम, नाहीतर डबा तसाच घेऊन घरी. गिरण्या मालकांनीही जमिनीसाठी मरू दिल्या. आणि संप नुसत्या पगाराचा नव्हता. सरकारमान्य युनियन एकच, ती कामगारांना नको होती, तरी बोलायचा हक्क तिलाच. ती अट मोडायची होती.

एचआरवाली
म्हणजे पैशापलीकडचंही काही हवं होतं ना? मग मी वेगळं काय म्हणतेय?

खडूस_कारकून
घ्या, अर्धा मार्क. पण त्यांनी पगारही मागितला होता, नुसती 'ओनरशिप' नव्हे.

धंदेवाईक
मालकांनी मरू दिल्या म्हणे. पुरावा द्या, नाहीतर शब्द मागे घ्या.

पोटार्थी
लोअर परळला या, गिरण्यांच्या जागेवरचे मॉल दाखवतो.

निवृत्त_फोरमन
अहो, पण बोनसचं कोणी बोलेल का?