चावी काढली तरी मर्सिडीज बंदच होत नाही (240 डी, बडोदा)

बडोदेकर_डिझेल:
नमस्कार मंडळी, काकांची 1982 ची मर्सिडीज 240 डी (डब्ल्यू 123 मॉडेल) आता माझ्याकडे आलीये, मॅन्युअल गिअर. दांडिया बाजारात बरीच वर्षं नुसती उभी होती. टाकी धुतली, फिल्टर बदलले, ग्लो प्लग नवीन टाकले आणि चालू पण झाली मस्त, पण आता बंदच होत नाही ना! चावी काढून खिशात टाकली तरी हिचं आपलं टकटक चालूच, कधी मिनिटभराने थांबते कधी तेही नाही. गॅरेजवाला म्हणतो इंजेक्शन पंप गेला, उतरवावा लागेल, आणि सेंट्रल लॉक चालत नाही ते वेगळं इलेक्ट्रिकचं काम. करू का? आणि हिला विंटेजचा व्हीए नंबर मिळेल का?

टेम्पोवाला_भाऊ:
एवढं काय त्यात, पंपाच्या लिव्हरला वायर बांधायची आणि डॅशबोर्डखालून ओढायची. आमच्या मॅटाडोरला तसंच होतं, काय बिघडलं नाय.

जुनंलोखंड:
भाऊ, मॅटाडोरला ठीक आहे, या गाडीत डॅशबोर्डला भोक पाडू नका प्लीज 🙏
आणि पंप तर अजिबात उतरवू नकोस. लॉक आणि इंजिन दोन्हीचं दुखणं एकच, व्हॅक्यूम, म्हणजे पाइपांतून हवा खेचणारा जोर. पेट्रोल गाडीत चावी काढली की स्पार्क गेला, विषय संपला, डिझेलला स्पार्कच नाही म्हणून डिझेलच तोडावं लागतं आणि मर्सिडीजने ते काम व्हॅक्यूमला दिलंय. चावी ऑफ केली की पंपामागच्या डबीतला रबरी पडदा ओढला जातो आणि पंप डिझेल देणं थांबवतो. आता गंमत बघ, तोच व्हॅक्यूम बाकीची तीन दारं, डिकी आणि टाकीच्या झाकणाचं लॉक पण चालवतो, ड्रायव्हरच्या दारात फक्त त्याचा व्हॉल्व्ह आहे. कुठल्याही एका लॉकचा पडदा फाटला की सगळीकडचा जोर गेला.
ब्रेक बूस्टरच्या (ब्रेक हलका करणाऱ्या डब्याच्या) जाड पाइपला बारीक फाटे आहेत, त्यातला लॉकचा काढून तिथे बूच मार आणि बघ. तोवर बॉनेट उघडून इंजिनवरचा स्टॉप लिहिलेला लिव्हर दाबायचा.

ओपीरोड_काका:
चावीकडून पंपाकडे जाणाऱ्या पाइपमध्ये ऑइल दिसतंय का तेही बघा. दिसलं तर पंपामागची डबी फाटलीये, ती सुटी बदलते. आणि ब्रेकचा बूस्टर पण याच व्हॅक्यूमवर आहे हं, पेडल दगडासारखं लागत असेल तर गाडी गेटच्या बाहेर काढूच नका.
व्हीए नंबर सध्या विसरा. 2021 च्या नियमात पहिल्या रजिस्ट्रेशनपासून 50 वर्षं लागतात. शिवाय फी 20,000 आणि मग रोज वापरता येत नाही, शो आणि रॅलीपुरतीच. 2023 ला लक्ष्मी विलास पॅलेसला 21 गन सॅल्यूट नावाचा जुन्या गाड्यांचा शो झाला तसल्या ठिकाणी न्यायची हौस असेल तर आत्तापासून सगळं ओरिजिनल ठेवा, ते वायरचं जुगाड नको.

बडोदेकर_डिझेल:
जुनंलोखंड दादा, मानलं! बूच मारलं आणि चावी फिरवताच गप्प. ब्रेक नॉर्मल, पाइप कोरडा. मग एकेक पाइप तोंडाने ओढून बघितला, मागचं डावं दार आणि डिकी दोन्ही फुस्स. गॅरेजवाल्याला सांगितलं तर म्हणतो "ऐसा भी होता है क्या". आता पडदे कुठे मिळतील?

जुनंलोखंड:
या गाडीचे अजून नवीन मिळतात, ऑनलाइन मागव नाहीतर कोणी जर्मनीहून येत असेल तर त्याच्या गळ्यात घाल. दोनच नको, सगळेच घे, बाकीचे पण त्याच वयाचे आहेत. आणि दाराचं पॅड काढशील तेव्हा आतला प्लॅस्टिकचा कागद फाडू नकोस, नाहीतर पावसाळ्यात पाणी सरळ पॅडमध्ये.